वलये आणि बीजकण : शिरोलीच्या ओतकामामागील सूक्ष्म रसायन

कोल्हापूर शहरातून पुण्याच्या दिशेने निघाल्यावर पंचगंगेचा पूल ओलांडला की हातकणंगले तालुक्यातील शिरोली पुलाची हे गाव लागते. या गावाच्या परिसरात, राष्ट्रीय महामार्गालगत, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची शिरोली औद्योगिक वसाहत वसलेली आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळाची स्थापना झाल्यानंतर राज्याच्या विविध भागांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांमध्ये शिरोलीची ओळख प्रामुख्याने फौंड्री व्यवसायामुळे झाली. उसाचे चरक, शेतीचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने यांच्या गरजेतून कोल्हापूर परिसरात ओतकामाची विद्या रुजली. पुढे याच विद्येच्या बळावर मोटारी, ट्रॅक्टर आणि यंत्रसामग्री यांना लागणारे ओतीव सुटे भाग येथे तयार होऊ लागले.

फौंड्री म्हटली की धगधगती भट्टी, लाल रस, काळी वाळू आणि घामाघूम झालेले कामगार डोळ्यांसमोर येतात. परंतु ओतीव भागाची गुणवत्ता ज्या घटना ठरवितात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. साच्यातील वाळूचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये मोजक्या अणूंची वलये असतात. वितळलेल्या लोखंडात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बीजकण असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर कार्बनचे स्फटिक वाढतात. या वलयांचे व बीजकणांचे वर्तन बिघडले, तर सुबक दिसणारा भागही आतून कमकुवत निघतो. असा भाग वाहनाच्या चाकाशी किंवा सुकाणूशी जोडलेला असेल, तर त्याचे परिणाम काय होतील हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच हे सूक्ष्म रसायन केवळ तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत न राहता वसाहतीच्या परिसरातील शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्याही परिचयाचे व्हावे, हे इष्ट होय.

उत्प्रेरक म्हणजे काय ?

काही पदार्थ रासायनिक क्रियेत भाग घेऊन तिचा वेग वाढवितात. क्रिया संपल्यावर मात्र ते मूळ स्वरूपात शिल्लक राहतात. अशा पदार्थांना उत्प्रेरक म्हणतात. जर्मनीतील येना येथील रसायनशास्त्रज्ञ योहान डोबेरायनर यांनी १८२३ मध्ये असे दाखवून दिले की, सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजन वायूचा झोत सोडला असता तो हवेत आपोआप पेट घेतो. प्लॅटिनम स्वतः खर्च होत नाही. त्याच्या पृष्ठभागावर वायूंचे रेणू एकत्र येतात आणि क्रिया सुलभ होते. अशा घटनांना स्वीडनचे बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये उत्प्रेरण ही संज्ञा दिली.

अणूंची साखळी वळवून तिची दोन टोके जोडणे, म्हणजेच वलय तयार करणे, ही रसायनशास्त्रातील एक महत्त्वाची क्रिया होय. औषधे, रंग, रेझिने अशा असंख्य पदार्थांच्या रेणूंत पाच किंवा सहा अणूंची वलये असतात. ॲसिटिलीन वायूचे तीन रेणू जोडून बेंझिनचे सहा कार्बन अणूंचे वलय बनते, हे फ्रान्सचे बेर्थेलो यांनी १८६६ मध्ये दाखविले. परंतु त्यासाठी तप्त नळीची प्रखर उष्णता लागत होती. जर्मनीतील रेप्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये निकेलच्या संयुगाचा उत्प्रेरक म्हणून उपयोग करून हीच क्रिया पुष्कळ कमी तापमानावर घडवून आणली. धातूचा अणू ॲसिटिलीनच्या रेणूंना आपल्याभोवती योग्य जागी धरून ठेवतो व त्यांची टोके जुळवून देतो. जे काम एरवी केवळ उष्णतेने कसेबसे होते, ते धातूच्या मध्यस्थीने शिस्तीत होते, हे या क्रियेचे मर्म आहे.

उसाच्या चिपाडापासून वलयापर्यंत

फौंड्रीत वापरल्या जाणाऱ्या एका वलयाचा संबंध कोल्हापूर जिल्ह्याच्या नेहमीच्या पिकाशी पोहोचतो. उसाचा रस काढल्यावर उरणाऱ्या चिपाडात सेल्युलोजखेरीज हेमिसेल्युलोज नावाचा घटक असतो. सौम्य आम्ल व वाफ यांच्या साहाय्याने त्याचे विघटन केले असता झायलोज ही पाच कार्बन अणूंची शर्करा मिळते. आम्ल हेच उत्प्रेरक पुढे या शर्करेच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू बाहेर काढते. तेव्हा साखळी वळते, तिची टोके जुळतात आणि चार कार्बन व एक ऑक्सिजन अशा पाच अणूंचे वलय तयार होते. या वलयाला फ्यूरान म्हणतात. पाचवा कार्बन अणू शेपटीसारखा वलयाबाहेर राहतो. या संपूर्ण रेणूचे नाव फरफ्यूरल असे आहे. लॅटिन भाषेत कोंड्याला ‘फरफर’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले.

विशेष म्हणजे फरफ्यूरल प्रथम वेगळे करणारे शास्त्रज्ञ डोबेरायनर हेच होत. १८२१ च्या सुमारास फॉर्मिक आम्ल तयार करीत असताना त्यांना हे तेलकट द्रव्य अल्प प्रमाणात मिळाले. पुढे शंभर वर्षे ते प्रयोगशाळेतच राहिले. १९२२ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात क्वेकर ओट्स या कंपनीने ओटच्या टरफलांपासून त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. त्यानंतर मक्याची बुरकुंडे आणि उसाचे चिपाड यांचाही वापर होऊ लागला. दक्षिण आफ्रिकेतील सेझेला आणि डोमिनिकन रिपब्लिकमधील ला रोमाना येथे साखर कारखान्याच्या जोडीने चिपाडापासून फरफ्यूरल तयार करण्यात आले. फरफ्यूरल काढून घेतल्यावर उरलेले चिपाड बॉयलरमध्ये जाळता येते. साखरेचा जिल्हा आणि ओतकामाचा जिल्हा एकच असलेल्या कोल्हापूरच्या दृष्टीने ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

यापुढील टप्प्यात धातूचा उत्प्रेरक येतो. तांब्याच्या उत्प्रेरकावरून फरफ्यूरल व हायड्रोजन नेले असता वलय न तुटता केवळ त्याच्या शेपटीत बदल होतो आणि फरफ्यूरिल अल्कोहोल मिळते. याच द्रव्यापासून फौंड्रीतील फ्यूरान रेझिन बनते.

वाळूला आकार देणारे रेझिन

लहान व मोठ्या संख्येने लागणाऱ्या भागांसाठी सामान्यतः बेंटोनाइट माती, पाणी व कोळशाची भुकटी मिसळलेली ओली वाळू वापरतात. मोठे, जाड किंवा मोजक्या संख्येने लागणारे भाग ओतण्यासाठी मात्र रेझिनने घट्ट केलेली वाळू सोयीची ठरते. या पद्धतीत साचा भट्टीत भाजावा लागत नाही. म्हणून तिला ‘नो-बेक’ असे म्हणतात.

वाळूच्या वजनाच्या सुमारे एक टक्का एवढेच फ्यूरान रेझिन पुरेसे असते. त्याला घट्ट करण्याचे काम सल्फोनिक किंवा फॉस्फरिक वर्गातील आम्ल करते. आम्लाच्या सान्निध्यात एका वलयाची शेपटी दुसऱ्या वलयाला जोडली जाते, पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि पाहता पाहता वलयांची लांब साखळी व साखळ्यांचे जाळे तयार होते. वाळूचे कण या जाळ्यात घट्ट बसतात. मिश्रण केल्यापासून साचा लाकडी नमुन्यावरून सोडविण्याइतका कठीण होण्यास काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो.

हा वेळ हवामानावर अवलंबून असतो. थंड वाळूत क्रिया मंदावते. पावसाळ्यातील दमट हवेत पाणी बाहेर पडण्यास अडथळा होतो व साचा उशिरा घट्ट होतो. वाळूत चुनखडीसारखे क्षारधर्मी कण असल्यास ते आम्लाचा काही भाग निकामी करतात. अशा वेळी नेमकी कारणे न तपासता आम्लाचे प्रमाण वाढविण्याकडे कल असतो. पण त्याचे दुष्परिणाम पुढे लोखंडात दिसतात. मिश्रणाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम वाळूत आम्ल मिसळावे व नंतर रेझिन घालावे, हा दंडक होय. रेझिन व आम्ल एकमेकांत थेट ओतल्यास इतकी उष्णता निर्माण होते की मिश्रण उसळून अपघात होऊ शकतो. दोन्ही पिंपे एकमेकांपासून दूर ठेवणे व त्यांवर मराठीत ठळक खुणा करणे ही बिनखर्चाची खबरदारी आहे.

बिडाच्या पोटातील कार्बन

साच्यात जो रस ओतला जातो, त्याला आपण बीड म्हणतो. घराघरांतील बिडाच्या तव्यामुळे हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. बिडात साधारणपणे तीन ते चार टक्के कार्बन व दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असते. वितळलेल्या अवस्थेत कार्बन लोखंडात विरघळलेला असतो. रस गोठू लागला की तो बाहेर पडतो. तो कोणत्या रूपात बाहेर पडतो यावर बिडाचे गुणधर्म ठरतात.

कार्बन लोखंडाशी संयोग पावला तर कठीण परंतु ठिसूळ असे पांढरे बीड तयार होते. ते यंत्रावर कापणे अवघड जाते. कार्बन मुक्त राहिला तर त्याचे ग्रॅफाइट बनते. ग्रॅफाइटमध्येही वलयेच असतात : सहा कार्बन अणूंची वलये एकमेकांना जोडून मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे थर बनतात आणि असे थर एकावर एक रचले जातात. नेहमीच्या करड्या बिडात हे ग्रॅफाइट पातळ, वेड्यावाकड्या पापुद्र्यांच्या रूपात पसरते. त्यामुळे बीड कंपने शोषून घेते, सहज कापले जाते व यंत्रांच्या बैठकीसाठी उत्तम ठरते. मात्र प्रत्येक पापुद्र्याची धार ही आतील बारीक चीर असल्यासारखीच असते. ताण येताच बीड न वाकता तुटते.

हेच ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोलिकांच्या रूपात वाढले, तर चित्र पालटते. गोलिकेला धार नसल्याने ताण एका जागी एकवटत नाही आणि बीड पोलादाप्रमाणे काही प्रमाणात ताणले जाते. भारतीय मानकांनुसार करड्या बिडाच्या ‘एफ.जी. २६०’ या प्रतीची तन्यशक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान २६० न्यूटन असते. पण तुटण्यापूर्वी ते जवळजवळ ताणले जात नाही. गोलिकायुक्त बिडाच्या ‘५००/७’ या प्रतीची तन्यशक्ती किमान ५०० न्यूटन असून ते तुटण्यापूर्वी किमान ७ टक्के ताणले जाते. शिरोलीतील कारागीर ज्याला ‘एस.जी.’ म्हणतात, ते हेच बीड होय.

युद्धकाळातील एक शोध

या बिडाचा शोध तुटवड्यातून लागला. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियमची टंचाई निर्माण झाली. अमेरिकेतील इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस हे झिजेला टिकणाऱ्या बिडात क्रोमियमऐवजी कोणते मूलद्रव्य चालेल याचा शोध घेत होते. १९४३ मध्ये त्यांनी केलेल्या प्रयोगांतून मॅग्नेशियमचे सामर्थ्य लक्षात आले. इंग्लंडमध्ये हेन्टन मॉरो यांनी स्वतंत्रपणे सीरियम या धातूच्या साहाय्याने गोलिका मिळविल्या व मे १९४८ मध्ये फिलाडेल्फिया येथील ओतकाम तज्ज्ञांच्या अधिवेशनात हे संशोधन मांडले. त्याच प्रसंगी निकेल कंपनीच्या मॅग्नेशियम पद्धतीचीही वाच्यता झाली. २५ ऑक्टोबर १९४९ रोजी मिलिस व त्यांचे सहकारी गॅग्नेबिन आणि पिलिंग यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. व्यवहारात पुढे मॅग्नेशियमचीच पद्धत रूढ झाली.

मॅग्नेशियम काय करते ? बिडातील गंधक व ऑक्सिजन हे ग्रॅफाइटच्या वाढत्या स्फटिकाला चिकटतात व त्याला थरांच्या कडेने, म्हणजे पापुद्र्यासारखे, वाढावयास लावतात. मॅग्नेशियम या दोहोंना बांधून टाकते. त्यानंतर ग्रॅफाइटचे थर एकावर एक साचत सर्व बाजूंनी बाहेरच्या दिशेने वाढतात व गोलिका तयार होते. या वाढीच्या तपशिलाविषयी शास्त्रज्ञांत आजही चर्चा चालू आहे. तथापि फौंड्रीतील नियम स्पष्ट आहे. तयार बिडात सुमारे ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम शिल्लक राहिले पाहिजे. म्हणजे हजार किलो रसात अवघे ३०० ते ५०० ग्रॅम ! कमी पडले तर पापुद्रे परत येतात. अधिक झाले तर बीड पांढरे होण्याचा व आत पोकळ्या पडण्याचा धोका वाढतो.

बीजारोपण

गोलिका वाढण्यासाठी आधी तिला बीज लागते. साखर कारखान्यातील पॅनवर काम करणाऱ्यांना हे तत्त्व चांगले ठाऊक असते. दाट झालेल्या पाकात साखरेच्या अतिसूक्ष्म कणांचे बीज सोडले, की त्या प्रत्येक कणावर साखर साचते आणि एकसारखे दाणे मिळतात. बीज कमी असेल तर दाणे थोडे व ओबडधोबड होतात. बिडातही असेच घडते.

रस ओतण्यापूर्वी त्यात ०.२ ते ०.६ टक्के इतके फेरोसिलिकॉन टाकतात. या मिश्रधातूत कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम यांचा अल्प अंश असतो. या क्रियेस इनॉक्युलेशन, म्हणजे बीजारोपण, म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अभ्यासांतून बीजकणाची रचना उलगडली आहे. त्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची गंधकाशी झालेली संयुगे असतात आणि भोवती मॅग्नेशियम सिलिकेटचे कवच असते. बीजारोपणानंतर या कवचावर कॅल्शियम, बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमच्या सिलिकेटचा पातळ थर चढतो. या थरातील अणूंची मांडणी षट्कोनी असून ती ग्रॅफाइटच्या षट्कोनी वलयांशी बरीचशी जुळते. त्यामुळे कार्बनच्या अणूंना बसण्यास जणू आयती बैठक मिळते व तेथून स्फटिक वाढू लागतो. बीजकणाचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. चांगल्या बिडाच्या एका चौरस मिलिमीटर छेदात शंभरापासून काही शेपर्यंत गोलिका मोजता येतात.

या ठिकाणी गंधकाचे दुहेरी वर्तन ध्यानात घ्यावे. करड्या बिडात मँगनीज व गंधक यांच्या संयुगाचे कण हेच पापुद्र्यांचे बीज ठरतात. तेथे थोडे गंधक आवश्यक असते. एस.जी. बिडात मात्र तेच गंधक मॅग्नेशियम खाऊन टाकते. म्हणून दोन्ही प्रकारच्या बिडाची मोड एकाच ढिगात टाकणे हे पुढील नुकसानीस आमंत्रण होय.

दहा मिनिटांचे गणित

मॅग्नेशियम सुमारे १,०९० अंश सेल्सिअसला उकळते. बिडाच्या रसाचे तापमान मात्र १,४५० अंशांच्या वर असते. त्यामुळे मॅग्नेशियम रसात पडताच त्याची वाफ होते, डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश पडतो व दाट धूर उठतो. हा वेग आवरण्यासाठी मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू लॅडलच्या तळाशी केलेल्या खळग्यात ठेवून त्यावर पोलादाच्या तुकड्यांचे आच्छादन घालतात आणि मग रस ओततात.

प्रक्रिया पूर्ण होताच घड्याळ सुरू होते. मॅग्नेशियम सतत उडून जात असते आणि बीजकणही एकत्र येऊन संख्येने घटत असतात. साधारणतः दहा ते पंधरा मिनिटांत परिणाम ओसरू लागतो. म्हणून एका लॅडलमधील पहिला साचा उत्तम व शेवटचा साचा सदोष, असे घडू शकते. बाहेरून दोन्ही भाग सारखेच दिसतात. प्रत्येक लॅडलवर प्रक्रियेची वेळ खडूने लिहिणे, शेवटचा साचा किती वाजता भरला याची नोंद ठेवणे आणि मुदत उलटल्यावर उरलेला रस पुन्हा भट्टीत टाकणे, एवढी शिस्त पाळली तरी मोठे नुकसान टळते. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळविण्यास सुमारे ६०० युनिट वीज लागते. बाद झालेला प्रत्येक भाग पुन्हा वितळवावा लागतो, म्हणजे तेवढीच वीज दुसऱ्यांदा खर्च होते. लहान कारखानदाराचा नफा अनेकदा या दुसऱ्या वितळणीतच संपतो.

साचा आणि रस यांची गाठ

वाळूतील रसायन व रसातील रसायन ही दोन वेगळी खाती आहेत, असा समज असतो. प्रत्यक्षात साच्याच्या भिंतीवर त्यांची गाठ पडते. फ्यूरान रेझिन घट्ट करणाऱ्या सल्फोनिक आम्लात गंधक असते. तप्त रसाच्या स्पर्शाने ते मुक्त होते व ओतीव भागाच्या पृष्ठभागातील मॅग्नेशियम हिरावून घेते. परिणामी आतील बिडात उत्तम गोलिका आणि बाहेरच्या पातळ सालीत पापुद्रे, अशी विसंगत रचना तयार होते. ज्या पृष्ठभागावर सर्वाधिक ताण येतो, तोच दुबळा राहतो.

वाळू वारंवार वापरली की तिच्यात गंधक साचत जाते. म्हणून पुनर्वापराच्या वाळूतील जळका अंश व गंधक यांची नियमित तपासणी करणे, नवीन वाळूचे योग्य प्रमाण मिसळणे, आम्ल नेमके मोजून घालणे आणि आवश्यक तेथे कमी गंधकाचे आम्ल वापरणे, हे उपाय सांगितले जातात. पावसाळ्यात साचा लवकर सुटावा म्हणून ओतलेले थोडे अधिक आम्ल महिन्याभराने बाद मालाच्या रूपाने समोर येते, ते असे.

डोळ्यांवर नव्हे, तपासणीवर विश्वास

सूक्ष्म कणांच्या बाबतीत समज व वस्तुस्थिती यांत अंतर पडू शकते, हे विज्ञानाच्या क्षेत्रातील एका घटनेने दाखवून दिले. सजीवांच्या पेशींतील आरएनए या रेणूच्या मार्गदर्शनाने पॅलेडियम धातूचे षट्कोनी सूक्ष्मकण वाढविता येतात, असा निष्कर्ष अमेरिकेतील संशोधकांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. रेणूच्या आराखड्यानुसार धातूचे कण घडविण्याची ही कल्पना आकर्षक होती. परंतु ते कण खरोखर धातूचेच आहेत काय, अशी शंका अन्य शास्त्रज्ञांनी उपस्थित केली. दीर्घ चौकशीनंतर २०१६ मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. सूक्ष्मदर्शकातून दिसणारा सुबक आकार हा पुरावा म्हणून पुरेसा नसतो; त्या आकाराची घडण स्वतंत्र पद्धतींनी पडताळून पाहावी लागते, हा यातील धडा आहे.

फौंड्रीलाही तोच नियम लागू पडतो. लॅडलमधील शेवटच्या रसाचा छोटा नमुना ओतून, घासून व चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता काही मिनिटांत गोलिका दिसतात. तथापि नमुना चांगला म्हणून संपूर्ण माल चांगला असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी ध्वनीची परीक्षा उपयोगी पडते. गोलिकायुक्त भागावर हातोडीने ठोकले तर घंटेसारखा स्वच्छ नाद उमटतो. पापुद्र्यांचे बीड बद्द वाजते. यंत्राच्या साहाय्याने हीच परीक्षा अधिक काटेकोर होते. श्राव्यातीत ध्वनी चांगल्या एस.जी. बिडातून सेकंदाला सुमारे ५,६०० मीटर वेगाने जातो. करड्या बिडात हा वेग बराच कमी असतो. सूक्ष्मदर्शक, नाद, ताण-परीक्षा व रासायनिक पृथक्करण यांची साक्ष एकमेकांशी जुळली, तरच माल पाठविण्यास योग्य समजावा.

कामगार, नदी आणि ग्रामपंचायत

या रसायनाला सामाजिक बाजूही आहे. वाळू फोडताना व भाग घासून साफ करताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये आणि त्यानंतरच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही त्याची गणना अधिसूचनीय व्यावसायिक रोगांत करण्यात आली. धूळ खेचून घेणारी यंत्रणा, योग्य प्रतीचे मुखपट, वेळोवेळी छातीची तपासणी आणि रेझिनच्या वाफांसाठी खेळती हवा यांना पर्याय नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवू शकत नाही, हे कामगारांना समजावून सांगितले पाहिजे.

वापरून निरुपयोगी झालेली वाळू हा परिसरातील गावांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. रेझिनयुक्त वाळूत फिनॉलसारखे सेंद्रिय अवशेष व धातूंचे अंश असू शकतात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली होती. ओढ्याकाठी किंवा पूररेषेत टाकलेला वाळूचा ढीग अशा वेळी कोठे वाहून जाईल, याचा विचार आधीच झालेला बरा. तपासणीत निर्धोक ठरलेली वाळू भरावासाठी, विटांसाठी व फरसबंदीच्या ठोकळ्यांसाठी वापरता येते. वाळूवरील रेझिनचे जाळे उष्णतेने जाळून किंवा कण परस्परांवर घासून ती पुन्हा साच्यासाठीही घेता येते. अशी यंत्रणा एकट्या लहान कारखान्यास परवडत नाही. अनेकांनी मिळून ती उभारल्यास नवीन वाळूची मागणी व टाकाऊ वाळूचे ढीग ही दोन्ही कमी होतात. भराव घालण्यास परवानगी देताना ग्रामपंचायतीने वाळूच्या तपासणीचा अहवाल मागणे हा तिचा अधिकार तर आहेच, शिवाय ते गावाप्रति कर्तव्यही आहे.

शाळांतून करता येण्याजोगे प्रयोग

या विषयाचा पाया शाळेतच घालता येईल. तुरटीच्या संपृक्त द्रावणात दोऱ्याला बांधलेला तुरटीचा लहान स्फटिक लोंबकळत ठेवला, की काही दिवसांत तो वाढलेला दिसतो. बीजाशिवाय ठेवलेल्या द्रावणात तळाशी बारीक चुरा जमतो. बीजकणाचे कार्य समजावून देण्यास हा प्रयोग पुरेसा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणात मँगनीज डायऑक्साइडची चिमूटभर पूड टाकली असता ऑक्सिजनचे बुडबुडे उसळतात व पूड मात्र तेवढीच राहते. यावरून उत्प्रेरकाची कल्पना येते. बिडाचा तवा व पोलादी पट्टी यांवर हलकेच टिचकी मारून नादातील फरक ऐकविला, तर धातूच्या अंतर्रचनेचा विषयही सहज निघतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना हेच प्रयोग पुढे लॅडल व सूक्ष्मदर्शक यांच्याशी जोडून दाखविता येतील.

शिरोलीच्या कारागिरांनी रसाच्या रंगावरून तापमान ओळखण्याचे व वाळू मुठीत दाबून तिची प्रत सांगण्याचे कौशल्य अनुभवाने कमाविले आहे. या कौशल्याला मोजमापाची जोड मिळाली, तर त्याचे मोल अनेक पटींनी वाढते. हजार किलो रसातील तीनचारशे ग्रॅम मॅग्नेशियम, वाळूतील एक टक्का रेझिन आणि घड्याळातील दहा मिनिटे या लहान गोष्टींवर ओतीव भागाचा भरवसा, कारखान्याचा टिकाव आणि कामगाराचा रोजगार उभा आहे. त्यांचे महत्त्व भट्टीवरील मदतनिसापासून ग्रामपंचायतीच्या सदस्यापर्यंत सर्वांना पटले, तर या वसाहतीचा विकास अधिक सुरक्षित व अधिक टिकाऊ पायावर होईल.